सहीपुरतं जपानी पेन

कूलरची दुरुस्ती पुढच्या उन्हाळ्यावर ढकलून तुम्ही जपानी फाउंटन पेन घ्यायचं ठरवलंत, हे उत्तम केलंत. आता राहिली निब आणि शाईची निवड. या कामाला दोन-तीन महिने सहज द्या आणि तोवर काही लिहायची घाई करू नका. माणूस लिहायला लागला की निवडीतलं गांभीर्य जातं.

पहिला प्रश्न सोन्याचा. जळगावच्या सराफ बाजाराच्या सावलीत वाढलेल्या माणसाने स्टीलचं निब घेतलं तर भावकीत काय तोंड दाखवायचं? पायलट आणि प्लॅटिनम या जपानी कंपन्यांची सोन्याची नेहमीची निबं १४ कॅरेटची असतात, सेलर ही तिसरी कंपनी २१ कॅरेटचंही देते. तुम्ही २१ चंच घ्या. सोनं जितकं चोख तितकं मऊ, आणि कागदाला टेकणारं टोक तर सोन्याचं नसतंच, तिथे वेगळ्याच कठीण धातूचा कण जोडलेला असतो, हे कुणाला सांगत बसू नका. निब उजेडात धरून त्यावरचा ८७५ चा आकडा तेवढा दाखवा. मामांचा डोळा २२ कॅरेटच्या ९१६ ला सरावलेला, ते म्हणतील, ‘खोट बरीच दिसते.’ म्हणू द्या. पेन मात्र त्यांच्या हातात देऊ नका. निबात ग्रॅमभरही सोनं नाही, मग घडणावळ किती लावली, हा हिशेब त्यांनी बायकोसमोर मांडला तर निबंधाचा विषय बदलेल. अमळनेरचे आबा सरळच विचारतील, ‘हाऊ पेन कितलाना शे?’ त्यांना किंमत चौथ्या हिश्श्याने सांगा. तीही त्यांना जास्तच वाटेल.

आता जाडी. जपानी निब युरोपातल्यापेक्षा साधारण एक पायरी बारीक असतं, कारण त्यांच्या कांजी लिपीत एवढ्याशा जागेत पंधरा-वीस रेघा बसवाव्या लागतात. देवनागरीला इतकी कंजुषी लागत नाही. ‘उद्ध्वस्त’सारखा शब्दही जपानी एम, म्हणजे मध्यम निबात मोकळा बसतो आणि शिरोरेषेला थोडं अंग येतं. म्हणूनच एम घेऊ नका. ज्याला खरोखर लिहायचं असतं तो एम घेतो. तुम्ही अल्ट्रा एक्स्ट्रा फाइन मागवा. प्लॅटिनमच्या ३७७६ या पेनात ते मिळतं, म्हणजे २१ कॅरेटच्या सेलरखेरीज हे दुसरं पेन आलंच. फुजी पर्वताची उंची ३७७६ मीटर, म्हणून हे नाव. लग्नाच्या पंगतीत सांगायला ही माहिती फार कामाची आहे.

हे निब घेऊन तहसील कचेरीतल्या अर्जावर गेलात की कागदाचे तंतू उचकटून निबाच्या चिरेत अडकतील. दोष अर्थातच कागदाचा. मग टोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद मागवा. तो इतका पातळ की पाठीमागचा मजकूरही पुढून दिसतो, म्हणजे एका पानाच्या पैशात दोन पानं. आजोबांच्या लाल चोपडीत टाकाने लिहिलेली उधारी अजून लख्ख वाचता येते, हा विषय घरात काढू नका. त्यातली काही वसुली अजून बाकी आहे.

सेलरचं नागिनाता-तोगी नावाचं एक निब आहे. पेन उभं धरलं की रेघ बारीक, कललं की जाड. बोरू तिरका छाटला की जाड-बारीक रेघ फुकटात मिळते, पण बोरूबहाद्दर म्हणवून घेण्यात आता काय शोभा?

शाईचं प्रकरण आणखी नाजूक. पायलटच्या इरोशिझुकू शाया २००७ साली आल्या. त्यांच्या रंगांना चांदणी रात्र, रानद्राक्षं, बांबूचा कोळसा अशी नावं आहेत. आपल्याकडे कुणी भरिताच्या वांग्याची हिरवी किंवा केळीच्या चिकाची तपकिरी शाई काढली नाही, याचा न्यूनगंड मनात पक्का बसवून घ्या. (चिकाचा टिकाऊपणा पाहायचा असेल तर रावेर-यावलकडच्या कुठल्याही केळीवाल्याचा सदरा पाहा.) टिकाऊच हवी असेल तर प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक घ्या. लोहक्षार आणि टॅनिनची शाई, लिहिताना निळी आणि हवा लागली की काळसर. हिरडा आणि हिराकस वापरून आपल्याकडे हेच करत, पण त्या दौतीवर जपानी अक्षरं नसत.

कोपऱ्यावरच्या दुकानातली कॅमलची शाई मात्र चुकूनही घेऊ नका. १९३१ मध्ये दांडेकरांनी सुरू केलेली मराठी माणसाची कंपनी, ती आपल्या पेनाला कशी चालेल? कुणीतरी आगाऊ सांगेल की २०११ मध्ये ओसाकाच्या कोकुयोने त्या कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला, म्हणजे मालकाच्या हिशेबाने ही शाईही जपानीच. अशा माणसाशी वाद घालू नका. कापसाच्या भावाचा विषय काढा.

उन्हाचं काय? मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला की अर्ध्या रिकाम्या पेनातली हवा फुगते आणि शाईला निबातून बाहेर ढकलते. सदऱ्याचा खिसा निळा होतो. यावर उपाय साधा आहे: पेन पूर्ण भरलेलं आणि निब वर करून ठेवायचं. तुम्ही लिहिणारच नाही, तेव्हा ते भरलेलं राहीलच. शाई वाळायचीही भीती नको. २०११ नंतरच्या ३७७६ च्या टोपणात स्प्रिंगवर बसवलेलं आतलं झाकण असतं. टोपण लावून ठेवलं तर दोन वर्षं शाई वाळत नाही, असं कंपनी सांगते. म्हणजे लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर ‘श्री’ काढा, मधली एक दिवाळी चुकली तरी बिघडत नाही.

एक काळजी तेवढी घ्या. इतक्या बारीक निबाने सही घोटून घोटून सुंदर झाली की ती बँकेतल्या जुन्या सहीशी जुळत नाही आणि चेक परत येतो. त्यासाठी खिशात एक साधं बॉलपेन असू द्या. फक्त ते आतल्या खिशात ठेवा, आणि काउंटरवर काढताना मागे आपल्या ओळखीचं कुणी रांगेत उभं नाही ना, ते बघून घ्या.