माझा भाचा रस्त्यावर 'भीक' मागतोय

मागच्या रविवारी रात्री साडेनऊला ताईचा फोन. आवाज असा, की मला वाटलं कुणीतरी गेलंच. "तुझा भाचा पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर भीक मागतोय. शेजारच्या वहिनींनी व्हिडिओ पाठवलाय."

मग तो व्हिडिओ मलाही आला. भाचा (इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष, दोन विषय राहिलेत, हे ताई सांगत नाही म्हणून मी सांगते) फुटपाथवर उभा राहून गिटार वाजवतोय, गातोय. पुढ्यात गिटारची बॅग उघडी, तिच्यात काही नोटा, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड. दोन तासांत आठशे चाळीस रुपये मिळाले म्हणे. त्यातले दोनशे मित्रांबरोबर भुर्जीपावात गेले.

ताईचं एकच पालुपद. "आपल्या घराण्यात आजवर कुणी रस्त्यावर हात पसरला नाही."

इथे मला हसू आलं. आमचे आजोबा वाईच्या आसपासच्या गावांत कीर्तनाला पेटीची साथ करायचे. रामनवमीच्या उत्सवात मी त्यांच्या मागे मागे असायचे. कीर्तन संपत आलं की आरती, आणि आरतीचं ताट लोकांतून फिरायचं. चार आणे, आठ आणे, कुणी खुशीत असला तर रुपया. त्यातला वाटा बुवा साथीदारांना द्यायचे. घरी आल्यावर आजोबा उपरण्याची गाठ सोडायचे आणि पाटावर चिल्लर, खोबऱ्याचा वाळका तुकडा आणि बुक्का लागलेले तांदूळ पडायचे. नाणी मोजायचं काम ताईचं. मोजून झाली की तिची बोटं काळी झालेली असायची.

मी हे सगळं तिला फोनवर आठवण करून दिलं. ती म्हणाली, "ती बिदागी होती."

बघा, मराठीची कमाल. गुरुजींना देतो ती दक्षिणा. गवयाला बिदागी. संमेलनातल्या वक्त्याला मानधन, तेही पाकिटात घालून, पाकीट शालीखाली लपवून. तमाशाच्या फडावर दौलतजादा. दिवाळीत दारात आलेल्याला पोस्त. मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन येतात ती वर्गणी, आणि ती नाही म्हणून बघा एकदा! आणि मुंजीतली भिक्षावळ? याच भाच्याने आठव्या वर्षी मांडवात झोळी धरून साऱ्या आत्या-माम्यांपुढे 'भवति भिक्षां देहि' म्हटलं होतं. तेव्हा ताईनेच व्हिडिओवाला लावला होता, आणि त्याने म्हटलेलं नीट रेकॉर्ड झालं नाही म्हणून पोराकडून पुन्हा म्हणवून घेतलं होतं.

घेणाऱ्याचे कपडे आणि आडनाव बघून आपण शब्द काढतो. गाणं कसं झालं हे त्यात कुठेच येत नाही.

कायद्याला मात्र एकच शब्द माहीत आहे. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहे ना, त्यात भीक मागण्याची व्याख्या अशी: सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा घेणं, मग ती गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणं अशा कशाच्याही निमित्ताने असो. म्हणजे गाणं हे 'निमित्त'! दुसऱ्याच्या खाजगी आवारात भिक्षेसाठी शिरणं हेही त्याच व्याख्येत बसवलंय. तेव्हा पहाटे मोरपिसांची टोपी घालून, टाळ-चिपळ्या वाजवत अंगणात 'दान पावलं' म्हणणारा वासुदेवही, घरमालकाने तक्रार केली तर, कागदोपत्री गुन्हेगारच. पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येतं आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. दिल्लीलाही हाच कायदा लावला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ ला त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. पण तो निकाल दिल्लीपुरता.

त्याच्या महिनाभर आधी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी पाच माणसं जमावाने ठेचून मारली. मुलं पळवणारे आलेत, अशी व्हॉट्सॲपवरची अफवा. मारलेली माणसं मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी. डौर वाजवून, गाणी म्हणून, भिक्षा मागून पोट भरणारी जमात. आजोबांसारखीच गावोगाव फिरणारी. पण आजोबांचं लोक पायरीवर उभं राहून स्वागत करायचे.

म्हणून भाच्याची बाजू घेताना माझी जरा पंचाईत होते. 'तो भिकारी नाही, कलाकार आहे' असं म्हणणं सोपं आहे. त्याला पाहून लोक 'किती छान उपक्रम' म्हणतात, सेल्फी काढतात. माझ्या सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये एक मुलगी चढते, नऊ-दहा वर्षांची असेल. हातात दगडाच्या दोन चपट्या पट्ट्या, बोटांत अशा अडकवलेल्या की मनगट हललं की कडकड ताल धरतात. लय इतकी पक्की की गाडीने धक्का दिला तरी सुटत नाही. एकदा मी घरी येऊन फरशीचे दोन तुकडे घेऊन पाहिले, करंगळी सोलवटून निघाली. तिला कुणी उपक्रम म्हणत नाही. बायका पदर आवरून घेतात. मीही पाच रुपये देते ते तिने लवकर पुढे सरकावं म्हणून. ऐकलेलं नसतंच. तिने वाजवलेलं असतं, मी दिलेली मात्र भीक असते.

ती त्या वेळी शाळेत हवी, हे मला मान्य. तिच्या हातातले पैसे संध्याकाळी कोण घेतं, हाही प्रश्न आहेच. गर्दीच्या डब्यात, जिथून उठून जाता येत नाही, तिथे कुणी कानाशी गायलं तर वैताग येतो, हेही खरं. पण तो तिच्या शाळेचा आणि आपल्या कानाचा प्रश्न झाला. त्यासाठी वाजवणाऱ्याला भिक्षेकरीगृहात कशाला घालायचं?

काल ताईचा पुन्हा फोन आला. मी तिला म्हटलं होतं, बाई गं, एकदा तो व्हिडिओ डोळे मिटून ऐक. ऐकला म्हणाली, तीनदा. मग थोडा वेळ गप्प.

"दुसऱ्या कडव्याला घसरलाय गं तो. वरचा सा लागतच नाहीये. आजोबांनी पेटी बंद केली असती."