ओआरएसमधली साखर चवीसाठी नसते

उन्हाळा लागला की आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच मेसेज नव्यानं फिरतो. यंदाही आला. मजकूर थोडक्यात असा: जुलाब लागले तर ओआरएस घेऊ नका, त्यातली साखर फक्त चवीसाठी असते, नुसतं मीठ-पाणी प्या, पेशी ते आपोआप शोषून घेतात, फारच गळून गेलात तर गोड शिकंजी किंवा कोल्ड्रिंक घ्या. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. गप्प बसवलं नाही.

‘पेशी आपोआप शोषून घेतात.’ छे. पेशीभोवती चरबीचा दुपदरी पडदा असतो. ऑक्सिजन त्यातून सहज जातो. मिठातल्या, विद्युतभार असलेल्या सोडियमला तो ओलांडता येत नाही, साखरेतल्या ग्लुकोजलाही जवळपास नाहीच. त्यांची ने-आण पडद्यात रोवलेली प्रथिनं करतात.

‘साखर फक्त चवीसाठी.’ खरी गोम इथे आहे. लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन असतं. सत्यनारायणाला जसं जोडप्यानंच बसावं लागतं, तसं इथेही एकट्याला प्रवेश नाही. फरक इतकाच की एका ग्लुकोजसोबत सोडियमचे दोन आयन (विद्युतभारित कण) लागतात. तिघं बसले की प्रथिनाचा आकार बदलतो, आतड्याकडचं तोंड मिटतं आणि पेशीच्या आत उघडतं. रक्ताकडच्या बाजूला असलेला पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर काढतो नि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कमीच राहतो आणि अलीकडचं दार चालू राहतं. क्षार आणि साखर गेली की पाणी मागोमाग जातं. अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडीची कल्पना १९६० मध्ये प्रागला मांडली.

आता कॉलरा घ्या. त्याचं विष आतड्यातल्या क्लोराइडच्या वाटा सताड उघडतं आणि पाणी बाहेर वाहू लागतं. मीठ शोषण्याची नेहमीची एक वाटही ते बंद पाडतं. एसजीएलटी-१ मात्र शाबूत राहतं! म्हणून नुसतं मीठ-पाणी फारसं उपयोगी पडत नाही, साखर घातलेलं पडतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरं पडू लागलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं.

‘गोड शिकंजी, कोल्ड्रिंक.’ वर साखर निरुपयोगी, खाली तीच औषध! प्रमाण चुकलं की साखर उलटते: आतड्यातलं पाणी जास्त गोड झालं की ते शरीरातलंच पाणी ओढून घेतं, आणि जुलाब वाढतात. म्हणून तर २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ओआरएस आणखी सौम्य केलं. आता लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम. शिवाय बाहेरगावी शिकंजी म्हणजे लिंबू-पाणी असेल, इंदुरात ती सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातली दुधाची, सुकामेवा घातलेली. जुलाबावर ती कोण पाजणार?

मधुमेह असेल तर रक्तातली साखर तपासत राहा, डॉक्टरांना विचारा. पण ओआरएसमधली साखर वगळली तर ते ओआरएस उरत नाही.

पाकीट मिळालं नाही तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे चहाचे, आणि सपाट म्हणजे सुरीच्या पाठीनं वरची रास काढलेले. आमच्या काकूंनी गेल्या वर्षी लिटरचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं होतं, “लवकर गुण येईल” म्हणून. आता त्या पाकीट फोडण्याआधी लिटरची बाटली शोधतात.