कुकरच्या तीन शिट्ट्या आणि पाच रहस्यं

माणसाची भक्ती थंडावते ती मोठमोठ्या पापांमुळे, असं प्रवचनात ऐकायला मिळतं. आमच्या वसईकडे ती बहुतेक ख्रिस्ती घरांत कुकरमुळे थंडावते. रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, आठला आणि कुकरही आठलाच लावलेला. तिच्यात पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, प्रत्येकाला दहा मणी; दुसरं रहस्य सुरू झालं की पहिली शिट्टी. तिथून पुढे घरातली बाई मणी मोजतेय की शिट्ट्या, हे तिचं तिलाही सांगता येत नाही. तिसऱ्या शिट्टीला ती उठते, तेव्हा नेमकी प्रार्थना पुढे चालवायची पाळी तिचीच असते. पुरुष उठत नाहीत. ते ध्यानात असतात. ध्यान म्हणजे डोळे मिटलेले, मान छातीवर, आणि दर दहा मण्यांनी एकदा दचकणं.

आधी हिशेब मांडू. रोझरीला मणी 59. त्यांत 53 'नमो मरिया' या प्रार्थनेचे आणि 6 'आमच्या स्वर्गातील बापा'चे. शब्द न गिळता एक नमो मरिया म्हटली तर साधारण 15 सेकंद जातात, म्हणजे 53 ना सव्वातेरा मिनिटं. बाकीचं सगळं धरून वीस मिनिटांचा मामला. हीच नमो मरिया 8 सेकंदांत उरकली, तर 53 सात मिनिटांत संपतात. सहा मिनिटं वाचतात. त्या सहा मिनिटांत आजवर कुणी काय केलं, हे मला कुठल्याही घरात कळलेलं नाही.

हा वेग येतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. कुणीही भरभर बोलत नाही. सगळे एकमेकांच्या अंगावर चढतात. सांगणारा 'येशू' या शब्दाला पोचतो न पोचतो तोच उत्तर देणारे 'पवित्र मरिये' सुरू करतात, आणि ते 'मरणाच्या घटके'च्या शेवटच्या शब्दांपर्यंत यायच्या आत पुढची 'नमो' सुटलेली असते. विरार फास्टला उतरणाऱ्यांच्या आधी चढणारे आत शिरतात, तसं. यावर उपाय फुकटचा आहे. 'येशू' म्हटल्यावर एक श्वास थांबायचं. दहा मण्यांना फार तर अर्धं मिनिट जास्त लागतं. पहिले चार दिवस घरचे विचारतात, 'काय रे, विसरलास काय?' पाचव्या दिवशी विचारत नाहीत. आणि वीस मिनिटं खरोखरच नसतील, तर पाच रहस्यं दामटण्यापेक्षा एकच म्हणावं आणि धड म्हणावं. कुठलं, हा वाद मात्र होणारच. सोमवारी-शनिवारी आनंदाची, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 मध्ये दिली. अनेक आज्यांना ती अजून नवी सून वाटतात. चांगली असेल हो, पण आमच्या वेळी नव्हती.

रोझरी संपली की खरी परीक्षा सुरू होते. तिचं नाव मागण्या. मेलेल्या आजोबांसाठी एक 'आमच्या बापा', मावशीच्या गुडघ्यासाठी एक, भाच्याच्या कॅनडाच्या व्हिसासाठी एक. मृतांची यादी कमी होणं शक्य नाही, हे मान्य. पण व्हिसा येऊन भाचा तिकडे गेला, घर घेतलं, त्याला दोन मुलं झाली, तरी व्हिसाची मागणी चालूच असते. ती थांबवायचा अधिकार कुणाला, हे कुणालाच माहीत नाही.

याला मी राख म्हणतो. बायबलात संत पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पहिल्याच अध्यायात सांगतो, की तुला मिळालेलं देवाचं कृपादान प्रज्वलित कर. मूळ ग्रीक क्रियापदात तीन तुकडे आहेत: पुन्हा, जिवंत आणि अग्नी. म्हणजे निखारा आहेच, तो फुलवायचा आहे. काडेपेटी शोधायची गरज नाही. त्याच्या आधीच्याच वचनात पौल तीमथ्याच्या आजीचं आणि आईचं नाव घेतो, लोईस आणि युनीके. आपल्याकडेही तसंच आहे. निखारा आजीचा असतो, आपण फक्त त्यावर राख जमू देतो.

गॅस आल्यापासून निखारा कसा सांभाळतात हे विसरायला झालंय, म्हणून सांगतो. रात्री जेवणं झाली की चुलीतला मोठा निखारा राखेत पुरायचा. सकाळी राख हलकेच बाजूला सारायची, वर नारळाचं सुकं सोडण मोडून ठेवायचं आणि फुंकणीने दमादमाने फुंकायचं. जोरात फुंकलं तर राख डोळ्यांत जाते आणि निखारा काळा पडतो. एकदम जाड लाकूड ठेवलं तर वारा कोंडतो, नुसता धूर होतो आणि सगळं घर खोकतं. पावसात लाकडं ओली असली तर विचारूच नका.

बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वेदीवरच्या अग्नीची हीच पद्धत दिलेली आहे. अग्नी कधी विझू द्यायचा नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्या आधीचं कलम कुणी वाचत नाही: याजकाने तागाची वस्त्रं घालून आधी राख उचलायची, वेदीच्या बाजूला ठेवायची, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर नेऊन टाकायची. लाकडं त्यानंतर. कपडे बदलण्यासकट! म्हणजे राख काढणं हे नोकराचं वरकाम नव्हतं, उपासनेचाच भाग होता. तेव्हा पहिली पायरी हीच: मागण्यांच्या यादीतल्या पूर्ण झालेल्या मागण्यांचे एकेकदा आभार मानून त्या छावणीबाहेर टाका. रोजच्या मागण्या तीन ठेवा. मृतांना वार वाटून द्या. भाच्याला कॅनडात फोन करून सांगा की आता तुझं तू बघ.

लोक मात्र उलट करतात. राख तशीच ठेवून त्यावर अख्खा ओंडका टाकतात. त्या ओंडक्याला रिट्रीट, म्हणजे प्रार्थना-शिबिर, म्हणतात. रिट्रीटला माझा विरोध नाही. पाच दिवस मोबाइल जमा करून घेणारी कुठलीही व्यवस्था मला पवित्रच वाटते. भानगड सहाव्या दिवशी होते. माणूस घरी येतो तो संकल्पांची पिशवी घेऊन: पहाटे चारला उठणार, रोज मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), रोज पूर्ण रोझरी, टीव्ही बंद, आणि वर्षभरात अख्खं बायबल. पहाटे चारला उठलेला माणूस रात्री आठच्या रोझरीत कसा दिसतो, ते वर सांगितलंच आहे.

बायबलचं गणित तर इतकं नेमकं आहे की तारीख सांगता येते. आमच्या कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं. वर्षात संपवायची तर रोज साधारण चार अध्याय. 1 जानेवारीला उत्पत्ती सुरू करा. अब्राहाम, याकोब, योसेफ, सगळं झकास चालतं. 50 अध्याय 13 तारखेला संपतात. निर्गम या पुढच्या पुस्तकातला समुद्रही मजेत पार होतो. 19 जानेवारीला तुम्ही निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायात येता, आणि तिथे निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मोजमापं सुरू होतात: कराराच्या कोशाची लांबी अडीच हात, रुंदी दीड हात, मग मेज, मग पडदे, मग पडद्यांच्या कड्या. पाच-सहा दिवस घरात सुतारकाम काढल्यासारखं वाटतं. लेवीयपर्यंत पोचलेला माणूस मी वीर समजतो. बाकीच्यांचं बुकमार्क पुढच्या 1 जानेवारीपर्यंत तिथेच राहतं.

त्यापेक्षा मार्क घ्या, म्हणजे त्याचं शुभवर्तमान, येशूचं चरित्र. अध्याय 16, रोज एक, सोळा दिवसांत संपतो. चाल भरभर, कारण मार्कच्या येशूला बसायला वेळ नाही. मग स्तोत्रसंहिता: रोज पाच स्तोत्रं, 150 स्तोत्रांना 30 दिवस. 117 वं स्तोत्र दोनच वचनांचं आहे आणि 119 वं 176 वचनांचं, म्हणून 119 ला वेगळा रविवार द्या. मन कोरडं पडलं असेल तर 88 वं वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटीही आशेची ओळ नाही. बायबलात असंही चालतं हे पाहून जो धीर येतो, तो उत्साही गाण्यांनी येत नाही, निदान मला तरी.

कोमटपणाबद्दल बोलायचं तर लावदिकीया या प्राचीन शहरात गेलंच पाहिजे. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तिथल्या ख्रिस्ती मंडळीला सुनावलंय की तू ना थंड ना गरम, म्हणून मी तुला ओकून टाकणार. बरेच अभ्यासक म्हणतात की जवळच्या हिरापलीला गरम पाण्याचे झरे होते, कलस्सैला गार पाणी होतं, आणि लावदिकीयाला नळीतून येणारं पाणी कोमट. वसईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. गणेशपुरीच्या कुंडाचं पाणी कॅनमध्ये भरून एसटीने घरी आणा आणि चहाऐवजी पाहुण्याला द्या. झऱ्यात दोष नाही, कॅन आणि एसटी यांचा प्रश्न आहे. रविवारी सातच्या मिस्सेत भरलेलं सोमवारी दादरपर्यंत तसंच राहील ही अपेक्षा चूक. मधे कुठेतरी पुन्हा तापवायला लागतं. वसई रोड ते नायगाव एवढ्या वेळात एक स्तोत्र होतं, उभ्याने, एका हातात दांडी धरून. अनुभवी लोक भाईंदरच्या खाडीपर्यंत दोन करतात.

मिस्सेचंही एक तंत्र आहे. चर्चच्या ओसरीत उभं राहणाऱ्या पुरुषांना प्रवचन लागत नाही; त्यांना पार्किंगची चिंता असते. आत बसा, आणि शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशीची वाचनं वाचून ठेवा. दहा मिनिटांचं काम. कुठलं शुभवर्तमान चालू आहे हे ओळखायची युक्ती: सनाला 3 ने भाग जात असेल तर लूक, बाकी 1 उरली तर मत्तय, 2 उरली तर मार्क. फक्त उपासनेचं वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळात, म्हणजे नाताळाच्या चार रविवार आधी, सुरू होतं, म्हणून तेव्हापासून पुढच्या सनाचा हिशेब धरायचा. एकदा आधी वाचलं की प्रवचन कितीही लांबलं तरी मनातल्या मनात फादरांना दुरुस्त करण्याचा आनंद मिळतो, आणि झोप लागत नाही.

उपासनेच्या वर्षाचा विषय निघालाच आहे तर ईस्टरआधीच्या उपवासकाळातली कोकणची अडचण सांगून टाकतो. हा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो; त्या दिवसाची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात, म्हणजे जुन्या उत्साहाची राख करूनच सुरुवात. राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी 18 ते 59 वयाच्या लोकांनी एकच पूर्ण जेवण घ्यायचं. शिवाय उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. मासळी चालते. हा नियम करणाऱ्यांनी पापलेट खाल्लेलं नसावं. चिकन सोडून तळलेलं पापलेट खाणं ही माझ्या माहितीतली एकमेव तपश्चर्या, जिच्यात खर्च वाढतो आणि घरात दोन पाहुणे जास्त येतात. नियम मोडत नाही, तपश्चर्याही होत नाही. शुक्रवारी वालाचं बिरडंसुद्धा नको, तेही फार छान लागतं. सुका जवळा आणि भाकरी करा, पापलेटाचे पैसे पाकिटात घालून त्याच दिवशी द्या. 'नंतर देऊ' म्हणून फ्रिजवर ठेवलेलं पाकीट रविवारी मटणाला जातं.

इतकं करूनही कोरडं वाटतंच. याचा शोध मोबाइलवाल्यांनी लावलेला नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हॅग्रियस या साधूने दुपारच्या भुताचं वर्णन केलंय: ते आलं की दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू सारखा खिडकीकडे बघतो, जेवायला किती वेळ आहे ते सूर्यावरून मोजतो, कुणी भेटायला येतंय का पाहतो, आणि ही जागाच चुकीची असं त्याला वाटू लागतं. खिडकीच्या जागी व्हॉट्सअॅप घाला, बाकी सगळं जुळतं. येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याचा यावर नियम असा, की कोरडेपणात आधी ठरवलेलं काहीही बदलायचं नाही, आणि प्रार्थना लवकर उरकावीशी वाटली तर उलट थोडी जास्त करायची. दहा मिनिटं ठरली असतील तर अकरा. कोळीण वाट्यावर एक बोंबील वरून टाकते ना, तेवढंच. अर्थात ती आपणहून टाकत नाही, घासाघीस करावी लागते. इथेही करावी लागते, स्वतःशी.

रात्री झोपताना दोन मिनिटं दिवसाची उजळणी करायला इग्नेशियसनेच शिकवलंय: आधी आभार, मग नीट दिसू दे म्हणून प्रार्थना, मग सकाळपासूनचा दिवस, मग क्षमा, मग उद्या. यात एकच गोष्ट बिघडते. तिसऱ्या पायरीला आपला दिवस बघता बघता जावेचा दिवस सुरू होतो, आणि चौथ्या पायरीला क्षमाही तिनेच मागायची असते.

स्पेनमधल्या अविलाची संत तेरेझा तर आत्मचरित्रात कबूलच करते, की प्रार्थनेचा तास कधी संपतो आणि घड्याळाचा ठोका कधी पडतो इकडेच तिचं लक्ष असे. अशी बाई आमच्या वाडीत सहज खपली असती. त्याच पुस्तकात अकराव्या अध्यायात ती बागेला पाणी घालायचे चार प्रकार सांगते: विहिरीतून हाताने शेंदून, रहाटाने, ओढ्याच्या पाटाने, आणि पावसाने. सुरुवात करणाऱ्याच्या वाट्याला पहिला प्रकार. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर केळी वाढवणाऱ्याला यात शिकवण्यासारखं काही नाही. पाऊस त्याच्या हातात नसतो, आणि फेब्रुवारीत पडत नाही म्हणून कुणी बागायत सोडून देत नाही. कधी कधी विहीरही कोरडी असते, हेही ती लिहिते. तरी बादली सोडायची.

बादलीची वेळ कुठली, एवढाच प्रश्न उरतो. जेवणानंतर ठेवू नका; आमटीभातावर कुठलंच रहस्य टिकत नाही. आठचीच ठेवा, आणि कुकर साडेसातला लावा.