एक टक्क्याच्या गोष्टीतून गळालेली माणसं

एक गोष्ट मराठीत गेली काही वर्षं जोरात फिरते आहे. व्याख्यानांत ती असते, स्नेहसंमेलनाचे पाहुणे ती सांगतात, आणि नवं वर्ष लागलं की व्हॉट्सअ‍ॅपवर येतेच. गोष्ट अशी : ब्रिटनच्या सायकलपटूंना शंभर वर्षांत काही जमलं नव्हतं. २००३ मध्ये डेव्ह ब्रेल्सफर्ड यांच्या हाती सूत्रं आली. त्यांनी प्रत्येक गोष्ट फक्त एक टक्का सुधारायची ठरवली. खेळाडूंना हात धुवायला शिकवलं, ज्याची त्याची उशी-गादी प्रवासात सोबत नेली, धूळ दिसावी म्हणून ट्रकला आतून पांढरा रंग दिला. पाच वर्षांत ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकांची रास लागली आणि २०१२ मध्ये त्यांच्या नव्या व्यावसायिक संघानं, टीम स्कायनं, टूर द फ्रान्स जिंकली. आणि शेवट : ‘माणसं तीच, सायकली त्याच, बदलल्या फक्त सवयी.’

उशीची गोष्ट खरी आहे आणि हात धुण्याचीही. पण ‘माणसं तीच’ हे साफ खोटं आहे. माझं भांडण त्या दोन शब्दांशी आहे, कारण टीम स्कायची गोष्ट मुळात माणसं निवडण्याची आहे. कोणाला घ्यायचं, कशासाठी घ्यायचं, आणि पहिली यादी चुकली हे कळल्यावर ती कशी मोडायची, याची.

आधी ‘शंभर वर्षांत काही नाही’ हे उरकून टाकू. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमननं ट्रॅकवर सुवर्ण जिंकलं. २००० मध्ये सिडनीत जेसन क्वीलीनं जिंकलं. मँचेस्टरचा बंदिस्त व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक, १९९४ पासून उभा आहे. १९९७ पासून राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळात येऊ लागला आणि पीटर कीन यांनी त्यावर शिस्तीत खेळाडू घडवायची योजना उभी केली. ब्रेल्सफर्ड यांनी २००३ मध्ये हाती घेतलं ते हे चालतं घर होतं. त्यांचं काम मोठंच आहे, पण आधीच्या माणसाचं नाव पुसून ते मोठं करायची गरज नाही.

आता ‘माणसं तीच’. ४ जानेवारी २०१० ला लंडनमध्ये टीम स्कायचं अनावरण झालं तेव्हा यादीत २६ सायकलपटू होते. उद्दिष्ट जाहीर होतं : पाच वर्षांत एका ब्रिटिश माणसानं टूर जिंकायची. अडीच वर्षांनी ती जिंकली गेली. जिंकणाऱ्या तुकडीत नऊ जण होते : ब्रॅडली विगिन्स, ख्रिस फ्रूम, एडवाल्ड बोआसन हागन, मार्क कॅव्हेंडिश, बर्नहार्ड आयझेल, ख्रिस्टियान क्नेस, रिची पोर्ट, मायकल रॉजर्स आणि कान्स्तान्तसिन सिउत्सू. पहिल्या २६ मधले यात किती? पहिले तीन. बाकी सहा जण नंतर आणलेले. २०१० च्या टूरला जे नऊ जण उतरले होते, त्यांतले तर फक्त दोनच इथे दिसतात, विगिन्स आणि बोआसन हागन.

पहिली यादी म्हणजे खोगीरभरती नव्हती. हुआन अंतोनियो फ्लेचा होता. दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरच्या एकदिवसीय शर्यतींत त्याचा हात धरणारे थोडे होते, आणि फेब्रुवारी २०१० मध्येच त्यानं ओम्लूप हेत न्यूज्ब्लाद जिंकून दाखवली. मॅथ्यू हेमन, इयान स्टॅनर्ड त्याच जातीचे. ग्रेग हेंडरसन, ख्रिस सटन शेवटच्या दोनशे मीटरमध्ये झेप घेणारे. बोआसन हागन जवळजवळ सगळंच करणारा. वर्षभराच्या हंगामासाठी ही यादी चांगलीच होती. जगातला अव्वल संघ एकाच आठवड्यात दोन-तीन देशांत शर्यती खेळतो, त्यामुळे पंचवीस-तीस माणसं लागतात आणि ती वेगवेगळ्या घडणीची लागतात.

पण टूर तीन आठवड्यांची असते आणि तिचा निकाल मुख्यतः दोन ठिकाणी लागतो, घाटात आणि टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी लढायच्या शर्यतीत. मुंबई-पुणे शर्यत बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. बोरघाट आधी चढेल तो ‘घाटाचा राजा’ आणि पुण्यात आधी पोचेल तो विजेता, ही दोन माणसं वेगळी असू शकतात. आल्प्समध्ये असे घाट एकामागून एक येतात. नेत्याला, म्हणजे संघ ज्याला जिंकवू पाहतो त्याला, शेवटच्या चढापर्यंत वाऱ्याआडून न्यायचं, वेग इतका ठेवायचा की प्रतिस्पर्ध्याला हल्ला करायचा धीरच होऊ नये, आणि एक मदतनीस संपला की पुढच्यानं वेग हाती घ्यायचा, यासाठी चढाचेच खंदे तीन-चार लोक लागतात. २०१० मध्ये विगिन्सभोवती ते पुरेसे नव्हते. आदल्या वर्षी गार्मिन संघाकडून चौथा आलेला विगिन्स, करार शिल्लक असताना वाटाघाटी करून आणलेला, चोविसावा आला. त्याच्या मदतीला ठेवलेला स्वीडनचा थॉमस लोफक्विस्ट सतरावा आला. नेत्याच्या पुढे मदतनीस! यादी कशी चुकली ते एवढ्यावरून कळतं.

उशी त्या वर्षीही होती, हे लक्षात घ्या. बारीक गोष्टींचा सोस तर पहिल्या वर्षी सर्वांत जास्त होता. रॉटरडॅमला पहिल्या दिवशी छोटी टाइम ट्रायल होती. संघानं हवामानाचा अंदाज बारकाईनं अभ्यासला, पाऊस उशिरा येईल असं ठरवलं आणि विगिन्सला लवकर सोडलं. तो नेमका पावसात सापडला आणि ७७ वा आला. त्याच संघाचा गेरेंट थॉमस पाचवा आला. पुढे ब्रेल्सफर्ड यांनीच कबूल केलं की त्या वर्षी लक्ष कडेच्या गोष्टींवर गेलं आणि गाभा राहून गेला. जो मेसेज त्यांच्या नावानं फिरतो, त्याला त्यांचंच हे उत्तर आहे.

गाभा म्हणजे काय, तर एक म्हणजे सराव. टिम केरिसन नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस पोहण्याच्या प्रशिक्षणातून आला आणि त्यानं विगिन्सचा सराव मुळापासून बदलला. तेनेरीफच्या तेइदे ज्वालामुखीवर उंचीची शिबिरं सुरू झाली. आणि दुसरं म्हणजे माणसं.

ही माणसं कुठून आली ते बघण्यासारखं आहे. एचटीसी-हायरोड हा त्या काळातला भरपूर शर्यती जिंकणारा संघ. २०११ अखेर त्याला नवा प्रायोजक मिळाला नाही आणि तो बंद पडला. तिथून कॅव्हेंडिश, आयझेल आणि सिउत्सू स्कायमध्ये आले. रॉजर्स त्याच्या आदल्या वर्षीच तिथून आला होता, बोआसन हागन पहिल्याच वर्षी. खुद्द विगिन्सनं २००८ चा हंगाम त्याच संघात काढला होता. म्हणजे टूर जिंकणाऱ्या नऊपैकी सहा जण कधी ना कधी एका घरात राहिलेले. क्नेस मिल्राममधून आला, तो संघ २०१० अखेर मिटला होता. दुसऱ्यांची घरं मोडली तेव्हा स्कायनं, हाताशी पैसा असताना, नेमकी हवी ती माणसं उचलली. एक टक्क्याच्या गोष्टीत याचा पत्ता नाही.

‘सामान्य खेळाडूंमधून असामान्य घडवले’ असंही त्या मेसेजच्या काही आवृत्त्यांत असतं. घाटात विगिन्सच्या पुढे मान खाली घालून वेग ओढणारा रॉजर्स टाइम ट्रायलचा तीन वेळचा जगज्जेता होता, २००३, २००४ आणि २००५ चा. पोर्टनं २०१० मध्ये आपल्या पहिल्याच जिरो दि’तालियात, इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, सातवा क्रमांक आणि तरुणांची पांढरी जर्सी मिळवली होती. आयझेलनं त्याच वर्षी गेंट-वेव्हेलगेम ही बेल्जियममधली एकदिवसीय शर्यत जिंकली होती. कॅव्हेंडिश तर विश्वविजेता म्हणून इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी घालून आला होता. यात सामान्य कोण? असामान्य माणसांनी दुसऱ्यासाठी राबायचं कबूल केलं, हे खरं कौतुकाचं.

फ्रेंचमध्ये अशा मदतनिसाला ‘पाणी वाहणारा’ म्हणतात. गाडीपर्यंत मागे जायचं, जर्सीत बाटल्या कोंबायच्या, पुन्हा जोर लावून पुढे यायचं आणि वाटायच्या. आपला पाणक्याच तो. यादी करणाऱ्याला सर्वांत अवघड असतं ते पाणक्या निवडणं, कारण त्याच्या कामाचे आकडे निकालपत्रात दिसत नाहीत.

इथे फ्रूमचं प्रकरण मात्र मेसेजवाल्यांच्या बाजूनं मांडता येईल, आणि ते मी टाळणार नाही. नैरोबीत जन्मलेला हा मुलगा पहिल्या २६ मध्ये होता, पण पहिल्या दीड वर्षात त्यानं नाव घेण्यासारखं काही केलं नव्हतं. बिलहार्झिया या परजीवी आजाराचं निदान झालेलं, करार २०११ अखेर संपणारा. त्या वर्षी वुएल्तामध्ये, स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, विगिन्सचा मदतनीस म्हणून त्याला घेतलं. तिथे पाणक्या नेत्यापेक्षा चांगला चढतो हे सगळ्यांना दिसलं. एकनाथांच्या घरी कावडीनं पाणी भरणारा श्रीखंड्या कोण निघाला, ते आपल्याला ठाऊक आहे. पण संघाला ते वेळेवर ओळखता आलं नाही. फ्रूम विगिन्ससाठी राबत राहिला आणि हुआन होसे कोबोच्या मागे अवघ्या १३ सेकंदांनी दुसरा आला, विगिन्स तिसरा. (कोबोचं नाव उत्तेजकांच्या प्रकरणात २०१९ मध्ये खोडलं गेलं आणि विजेतेपद फ्रूमकडे आलं, पण ते आठ वर्षांनी.) हे घडलं ते सवयींमुळे नव्हे. यादीत एक हिरा होता आणि तो कोणत्या कोंदणात बसतो हे शर्यतीच्या मध्येच कळलं. पहिल्या २६ मधले तीन जण पुढे टूर जिंकले : विगिन्स, फ्रूम चार वेळा, आणि २०१८ मध्ये थॉमस. ही निवडीची नजर मला कुठल्याही उशीपेक्षा मोठी वाटते.

‘सगळा पैशाचा खेळ’ ही उलट बाजूची घोषणाही मला पटत नाही. पैसा होता, भरपूर होता, त्याशिवाय यातलं काही झालं नसतं. पण २०११ मध्ये लक्झेम्बर्गचा लेपर्ड-ट्रेक संघ उभा राहिला तो आंडी आणि फ्रँक हे श्लेक बंधू आणि फाबियान कान्सेलारा अशी तयार, मोठी नावं घेऊन. टूरमध्ये भाऊ दुसरे-तिसरे आले, पहिला आला बीएमसी संघाचा कॅडेल इव्हान्स. त्या वर्षाअखेर संघ रेडिओशॅकमध्ये विलीन झाला.

आणि एक गोष्ट, जी सांगताना वाईट वाटतं, पण उशीची गोष्ट आदर्श म्हणून मुलांना सांगणाऱ्यांनी तीही सांगायला हवी. मार्च २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनं अहवाल दिला की वैद्यकीय परवानगीखाली घेता येणारी औषधं या संघानं कामगिरी वाढवण्यासाठी वापरली आणि नियम न मोडता नैतिक रेषा ओलांडली. संघानं आणि विगिन्सनं हे नाकारलं. मी निवाडा देत नाही. पण जे प्रकरण संसदेच्या समितीपुढे गेलं, ते गोष्टीतून वगळायचं आणि हात धुणं तेवढं ठेवायचं, हा प्रामाणिकपणा नाही.

२०१२ च्या शर्यतीकडे पुन्हा वळू. तिसऱ्याच टप्प्यात सिउत्सूचा पाय मोडला, राहिले आठ. ७ जुलैला ला प्लांश दे बेल फीयच्या चढावर बोआसन हागननं सुरुवात केली, मग रॉजर्स, मग पोर्ट. एकेक जण संपून बाजूला झाला तेव्हा पुढे मोजकेच उरले होते. फ्रूमनं टप्पा जिंकला, विगिन्सनं एकूण आघाडीची पिवळी जर्सी घेतली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. दोन लांब टाइम ट्रायल मिळून ९५ किलोमीटर होत्या. दोन्ही त्यानं जिंकल्या. मार्ग त्याच्यासारखा होता आणि यादी त्या मार्गासारखी होती.

तरी ही यादीही निर्दोष नव्हती. ला तूसुईरच्या चढावर फ्रूम पुढे निघाला, विगिन्स मागे पडला, आणि कानातल्या रेडिओवरून फ्रूमला थांबवावं लागलं. एका घरात दोन नेते होते. कॅव्हेंडिशचंही तेच. पिवळ्या जर्सीसाठी बांधलेल्या तुकडीत त्याच्या वेगवान शेवटासाठी माणसंच उरत नव्हती. जगज्जेत्याच्या जर्सीत तो बाटल्या वाहत राहिला, आणि वर्षाअखेर दुसऱ्या संघात गेला. योग्यच केलं त्यानं.

पण त्याआधी २२ जुलैची पॅरिसची संध्याकाळ आली. शाँझेलिझेवरचा शेवटचा फेरा. टूर जिंकल्यात जमा असलेल्या माणसानं त्या दिवशी गर्दीत सांभाळून बसायचं असतं. विगिन्स शेवटच्या किलोमीटरमध्ये सगळ्यांच्या पुढे आला, पिवळ्या जर्सीत, आणि जीव तोडून वेग ओढू लागला. त्याच्या मागे बोआसन हागन, आणि त्याच्या मागे कॅव्हेंडिश. विगिन्स बाजूला झाला, बोआसन हागननं पुढे नेलं, आणि शेवटच्या वळणातून कॅव्हेंडिश असा सुटला की मागून कुणी त्याला गाठू शकलं नाही.