निधी हवाय? आधी पुरेशी माणसं पडू द्या

तुमच्या गावाजवळच्या फाट्यावर गाड्या धडकतात, तिथे काहीतरी व्हावं असं तुम्हाला वाटतं आणि रस्ता सुरक्षेसाठी सरकारकडे निधी असतो असं कुणीतरी कानावर घातलंय. निधी असतो, हे खरं आहे. आमचाही प्रस्ताव गेला होता. तो गेल्या आठवड्यात 'निकषात बसत नाही' असा शेरा घेऊन परत आला. त्यामुळे या विषयावर सल्ला द्यायला माझ्याइतका लायक माणूस सध्या पंचक्रोशीत नाही. ऐका तर.

सर्वात आधी रस्ता कुणाचा आहे ते शोधा. तुम्हाला वाटेल, रस्ता सरकारचा. भोळे आहात. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर तो महामार्ग प्राधिकरणाचा, आणि प्राधिकरणाचा नसेल तर बांधकाम खात्याच्याच दुसऱ्या एका विभागाचा, ज्याचं कार्यालय दुसऱ्या गावात असतं. आता फाटा म्हणजे दोन रस्ते मिळतात ती जागा. म्हणजे मालक दोन, आणि अपघात बरोबर मधोमध. एक साहेब म्हणतात आमचं काम साइडपट्टीपर्यंत, दुसरे म्हणतात जोडरस्ता आमच्या यादीतच नाही. म्हणून पडलेला माणूस शुद्धीवर असेल तर उचलण्याआधी त्याला विचारून घ्या, बाबा रे, नक्की कुणाच्या डांबरावर पडलास?

पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही आलाच नव्हता.

कागद भरपूर जोडा. ग्रामसभेचा ठराव, शाळेचं पत्र, पोलीस ठाण्यातून अपघातांचा गोषवारा, जागेचे फोटो, नकाशा. लोकप्रतिनिधींचं शिफारसपत्र तर हवंच. ते सगळ्यात लवकर मिळतं, कारण मजकूर तयार असतो, फक्त गावाचं नाव बदलायचं. 'नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी.' पत्र मिळालं की तिथेच थांबा. त्यांच्याकडे निधी मागू नका, नाहीतर फाट्यावर स्वागत कमान उभी राहील आणि तिच्या खांबाआडून येणारी एसटी दिसणार नाही.

आचारसंहिता कधी लागते त्यावर लक्ष ठेवा. ती तुमचा अर्ज वरच्या टेबलावर पोचला की लागते.

अर्जात कायद्याची कलमं घालू नका. मी घातली होती. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198अ आलं. रस्त्याच्या रचनेचे, बांधणीचे किंवा देखभालीचे ठरलेले मानदंड पाळले नाहीत आणि त्यातून कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. टेबलावरच्या गृहस्थांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "वकील आहात का?" नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता मुख्य मुद्दा. निकष. इथे जरा बसूनच घ्या.

सरकारी भाषेत धोकादायक जागेला ब्लॅक स्पॉट म्हणतात, मराठीत अपघातप्रवण क्षेत्र. जागा धोकादायक आहे हे तुम्ही ठरवायचं नसतं, तिथे रोज रस्ता ओलांडणाऱ्या पोरांनी तर नाहीच. व्याख्या ठरलेली आहे. साधारण 500 मीटरचा पट्टा, मागची 3 कॅलेंडर वर्षं आणि त्यात मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात. नाहीतर एकूण 10 मृत्यू. एवढं जमवलंत की तुमची जागा यादीत. आमचे नोंदलेले भरले चार. एक कमी पडला.

तेव्हा माझा कळकळीचा सल्ला, गावाने नियोजन करावं. सगळ्यांनी त्याच 500 मीटरमध्ये पडावं. आमच्याकडे एक जण वळणाच्या पुढे, नाल्याच्या पुलापाशी गेला. तो आमच्या पट्ट्यात धरला नाही. त्याने जरा अलीकडे धडकायला हवं होतं, गावाचा विचारच केला नाही. हातपाय मोडलेल्यांनी जागेवर मिटवामिटवी करू नये, नोंद झाली नाही तर मोडलेला पाय फुकट जातो. दवाखान्यात नेलेल्यांनी रेंगाळू नये. अपघातानंतर 30 दिवसांत गेलं तरच तो अपघाती मृत्यू म्हणून मोजतात, एकतिसाव्या दिवशी गेलेला माणूस दहाच्या रकान्यात बसत नाही. पोलीस हल्ली अपघाताची जागा मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये नोंदवतात, ती बरोबर फाट्यावर पडली का हे नातेवाइकांनी रडता रडता तपासून घ्यावं. आणि जे काही करायचं ते डिसेंबरअखेर उरका. एकतीस डिसेंबरला वर्ष पालटतं, तीन वर्षांपूर्वीचं वर्ष हिशोबातून गळतं आणि त्या वर्षात गेलेला माणूसही गळतो. त्याच्या घरच्यांसाठी तो गेलेलाच असतो, पण कार्यालयाच्या लेखी आपला फाटा एक जानेवारीला थोडा सुरक्षित झालेला असतो. काही न करता! एक पट्टा रंगवला नाही, एक फलक लावला नाही, तरी सुधारणा!

बरं, ही व्याख्या केंद्राने राष्ट्रीय महामार्गांसाठी केलेली. आमचा रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग. मापं महामार्गाची, गिऱ्हाईक आम्ही. हे विचारलं तर उत्तर आलं, "वेगळे निकष नाहीत, मग हेच लावतो." आणि यादीत येणं म्हणजे काम झालं असंही समजू नका. नंतर स्थळपाहणी, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. तोपर्यंत आपला दहावीचा मुलगा पदवीधर होतो. पोचला तर.

गतिरोधकाचं म्हणाल, तर तोही शास्त्राने असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, आधी सूचनाफलक, वर पट्टे. एवढं सगळं मिळेपर्यंत गावातली पोरं रात्रीत खडी-सिमेंटचा एक उंचवटा घालून मोकळी होतात. तो दुचाकीस्वारांची कंबर मोडतो, आणि तो 'अनधिकृत' आहे म्हणून काढायला मात्र जेसीबी ताबडतोब येतो. निधीचा प्रश्न नाही, निकषांचा प्रश्न नाही, मान्यता नाही, निविदा नाही. जेसीबी येतो!

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं. तेव्हा कार्यालयात जा, सगळे भेटतात. मंडप असतो, फ्लेक्स असतो, शाळेची मुलं उन्हात ओळीने उभी करून शपथ घेतात. तीच मुलं, त्याच फाट्यावरून आलेली. फ्लेक्सला किती मृत्यू लागतात हे मी विचारणार होतो. पण चहा आला.

आणि बैठकीत आकडे काढू नका, वातावरण बिघडतं. 2015 मध्ये रस्ता सुरक्षेच्या ब्राझिलिया जाहीरनाम्यात भारत सहभागी झाला, 2020 पर्यंत रस्त्यावरचे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरलं. 2015 मध्ये देशात 1,46,133 माणसं रस्त्यावर मेली होती. 2022 मध्ये मेली 1,68,491. जिल्ह्याजिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये बजावलं. समिती आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस, आरटीओ, बांधकाम, सगळे असतात. आमचा विषय मागच्या बैठकीत 'पुढील बैठकीत ठेवावा' असा ठेवला.

पुरे झाली थट्टा. साहेब, त्या वळणावर बाभळी वाढल्यात, पलीकडची गाडी दिसत नाही. बाभूळ छाटायला कसला निकष लागतो? शाळेचा फलक पडून गंजलाय, तो उभा करायला किती प्रेतं हवीत? पांढरा पट्टा पुसलाय, रात्री चमकणारे कॅट आय उखडलेत, दिव्याचा खांब आहे आणि दिवा नाही. हे देखभालीचं काम आहे, तुमच्या रोजच्या नोकरीचं, त्याला ब्लॅक स्पॉटची यादी मध्ये आणायचं कारण नाही. अपघात होण्याआधीच रस्त्याची तपासणी करतात, त्याला रोड सेफ्टी ऑडिट म्हणतात, त्याची नियमावली तुमच्याच कपाटात आहे आणि तुम्ही ती वाचलेली आहे, तुम्ही अभियंते आहात. तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळतं की पुढचा कुठे पडणार. कळूनही मोजत बसता याची लाज वाटत नाही? पाचवा कोण असेल, कुणाच्या घरचा, हे ठाऊक नाही म्हणून तुम्ही निवांत आहात. तो शाळेच्या वेळेला त्या फाट्यावरून रोज जातो, एवढं आम्हाला ठाऊक आहे.

आणि 'निकषात बसत नाही' असं पुन्हा लिहू नका. 'या ठिकाणी कोणत्याही सुधारणेची गरज नाही' असं लिहा. खाली सही करा, नाव लिहा, हुद्दा लिहा, तारीख घाला. मी येतो आणि त्याची पोच देतो.