फाईलवर लिहिलंय ‘सगळं नॉर्मल’

आज दुपारी एक फाईल पाहिली. बटणाची, प्लॅस्टिकची, कोपरे झिजलेली. आत सीबीसी, सीआरपी, छातीचा एक्स-रे, टूडी एको, दोन ईसीजी, एक मेंदूचा एमआरआय. शेवटच्या कागदावर सहीच्या वर एक ओळ: ‘सगळं नॉर्मल. रोज ५ किमी चालावे.’

ती ओळ वाचल्यापासून डोकं शांत नाही. पोस्ट मोठी होणार आहे, पण घरात किंवा ओळखीत कुणी ‘कोविड झाल्यापासून पूर्वीसारखं राहिलं नाही’ असं म्हणत असेल (यालाच लाँग कोविड म्हणतात) तर कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

फाईल एका प्राथमिक शाळेतल्या बाईंची आहे. त्यांना विचारून, नाव-गाव गाळून लिहितेय. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत घरातल्या सगळ्यांबरोबर त्यांनाही कोविड झाला. चार-पाच दिवस ताप, घसा, मग बरं. दवाखान्यात भरती नाही, ऑक्सिजन नाही. दीडेक महिन्यानं फळ्यावर लिहायला हात वर केला की छातीत धडधडायला लागलं. पोळ्या लाटायला उभं राहिलं की घाम आणि डोळ्यांपुढे अंधारी. हजेरी घेताना रोजच्या मुलांची नावं जिभेवर येईनात.

त्यांनी सल्ला इमानेइतबारे पाळला. एका रविवारी यजमानांसोबत ५ किलोमीटर चालून आल्या. सोमवार बरा गेला. मंगळवारी सकाळी अंथरुणातून उठता येईना. पुढचे ११ दिवस न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जायचं आणि परत येऊन पडायचं. हे सांगायला पुन्हा दवाखान्यात गेल्या तेव्हा ऐकायला काय मिळालं? ‘तुम्ही मनावर फार घेतलंय.’

अहो, मनावर घेतल्यानं रविवारच्या चालण्याची शिक्षा मंगळवारी होत नाही! श्रम केल्यावर १२ ते ७२ तासांत येणारी ही घसरण या आजाराची सगळ्यांत मोठी खूण आहे. पेशंट त्याला ‘क्रॅश’ म्हणतात. नुसता अशक्तपणा असलेला माणूस दमतो, झोपतो, दुसऱ्या दिवशी ताजा होतो. क्रॅश येणारा माणूस उशिरा कोसळतो आणि झोपेनं भरून निघत नाही. हा एक प्रश्न कुणी विचारला असता, ‘दमल्यावर किती तासांनी त्रास वाढतो?’, तर बाईंचे ११ दिवस वाचले असते.

आणि शरीरात काय होतं ते आता बऱ्यापैकी दिसलंय. आम्सटरडॅमच्या संशोधकांनी २५ लाँग कोविडचे पेशंट आणि २१ निरोगी माणसं घेतली, त्यांना दहा-पंधरा मिनिटं सायकल मारायला लावली आणि आधी व नंतर मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. जानेवारी २०२४ मध्ये ते छापून आलं. पेशंटांच्या स्नायूत पेशींना ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया श्रमानंतर आणखी मंदावली होती. स्नायूचे धागे मेलेले दिसत होते, आणि निरोगी माणसांपेक्षा जास्त. हे सीबीसीत कुठून दिसणार? एक्स-रेत कुठून दिसणार? जे पाहायला ती तपासणी बनलेलीच नाही ते तिच्यात आलं नाही, म्हणून माणूस खोटा ठरवायचा?

२००६ आठवतंय ना? चिकनगुनियानं महाराष्ट्रात गावंच्या गावं आडवी केली होती. ताप आठवड्यात गेला, गुडघे-मनगटं महिनोन्‌महिने धरलेली राहिली. सकाळी जिना उतरताना एकेक पायरी बसत उतरणारी माणसं आपण पाहिलीत. तेव्हा त्यांना कुणी ‘मनाचे खेळ’ म्हणालं नाही, कारण सूज डोळ्यांना दिसत होती. विषाणू गेल्यावरही आजार रेंगाळतो हे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होतं. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावात तीन वेगवेगळ्या संसर्गांनंतर २५३ जणांचा पाठपुरावा झाला होता. सहा महिन्यांनीही शंभरातले जवळपास बारा जण गळालेलेच होते. ते कोण असतील हे मूळ आजार किती जोराचा होता त्यावर ठरलं, स्वभावावर नाही. हे २००६ सालचंच संशोधन आहे, कोविडच्या कितीतरी आधीचं.

कारण एकच एक सिद्ध झालेलं नाही, हे मान्य. बहुधा एकच नसेलही. पण धागे भक्कम आहेत. एक म्हणजे विषाणूचे अवशेष. संसर्गानंतर चार महिन्यांनी काही जणांच्या लहान आतड्याचे तुकडे तपासले तेव्हा १४ पैकी ७ जणांत ते सापडले. त्यांना त्रास काहीच नव्हता, म्हणजे नुसते अवशेष असणं पुरत नाही, शरीर त्यांच्याशी कसं वागतं तेही महत्त्वाचं. दुसरा धागा रक्ताचा. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश विद्यापीठात रेसिया प्रिटोरियस यांनी दाखवलेल्या, सहज न विरघळणाऱ्या सूक्ष्म गुठळ्या. आम्सटरडॅमच्या स्नायूंतही तशा पदार्थाचे साठे होते, पण केशवाहिन्या त्यांनी तुंबलेल्या दिसल्या नाहीत. म्हणून गुठळी दिसली की लगेच रक्त पातळ करायच्या गोळ्या, एवढं ते सरळ नाही. तिसरा धागा पोट आणि मेंदूचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या गटानं मांडलं की आतड्यातल्या अवशेषांमुळे इंटरफेरॉन (विषाणूशी लढणारं प्रथिन) वाढतं, अन्नातलं ट्रिप्टोफॅन नीट शोषलं जात नाही, त्यापासून बनणारं सेरोटोनिन घटतं, आणि पोटाकडून मेंदूला निरोप नेणारी व्हेगस नस मंदावते. सगळ्या गटांना असंच आढळलेलं नाही. याशिवाय शरीरात झोपून असलेला जुना एपस्टाइन-बार विषाणू काहींत पुन्हा डोकं वर काढतो, स्वतःच्याच शरीराविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. डब्लिनमध्ये ब्रेन फॉग (विसराळूपणा, डोकं न चालणं) असलेल्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर पाझरताना स्कॅनवर दिसलं. बाईंना मुलांची नावं आठवेनात, त्याला ‘लक्ष नाही’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता जे आज दुपारी केलं ते सांगते. त्याला एक पैसा लागला नाही. भिंत, घड्याळ, बीपीचं मशीन आणि २०२१ साली घेतलेला, कपाटात पडून असलेला ऑक्सिमीटर. (त्यातले बारीक पेन्सिल सेल गळलेले असतील तर पट्ट्या कोरड्या कापसानं पुसून नवे घाला.) पडद्यावर दोन आकडे येतात. आपल्याला ‘पीआर’चा, म्हणजे नाडीचा हवा. मेंदी, नेलपॉलिश किंवा गार बोटं असली की आकडा चुकतो.

सकाळी, चहाआधी, पोट भरलेलं नसताना करा. दहा मिनिटं आडवं पडायचं, शेवटच्या दोन मिनिटांत नाडी आणि बीपी लिहायचं. मग उठून भिंतीला पाठ करून उभं राहायचं, टाचा भिंतीपासून सहा इंच पुढे, फक्त खांदे टेकलेले. दहा मिनिटं, दर मिनिटाला नाडी-बीपीची नोंद. बोलायचं नाही, आणि पाय हलवायचे नाहीत. इथेच सगळे चुकतात. पाय हलवले की पोटऱ्या रक्त वर ढकलतात आणि खरी वाढ लपते. नुकतंच अर्धा लिटर पाणी प्यायलं असेल तरी वाढ कमी दिसते. कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं हवंच. चेहरा पांढरा पडला, कान बंद झाले की लगेच आडवं करायचं.

बाईंची आडव्यात नाडी ७४. उभ्या राहिल्यावर पहिल्या मिनिटाला ९६, पाचव्याला ११०, दहाव्याला ११८. बीपी जवळजवळ जागच्या जागी. पावलं जांभळट. मोठ्या माणसांत दहा मिनिटांत ३० ठोके किंवा जास्त वाढ (१२ ते १९ वयात ४०), बीपी न पडता, आणि हा त्रास तीन महिन्यांहून जुना असेल, तर त्याला पॉट्स म्हणतात. लाँग कोविडमध्ये हा पुष्कळांना असतो. वरचं बीपी तीन मिनिटांत २०नं किंवा खालचं १०नं पडलं तर तो वेगळा प्रकार, त्याची औषधं वेगळी.

४४ ठोके! तीन वर्षं ही बाई वर्गात उभी राहून शिकवतेय, आणि तिला कुणी भिंतीपाशी दहा मिनिटं उभं केलं नाही.

हो, ओपीडीत पन्नास माणसं बाहेर बसलेली असतात, मला ठाऊक आहे. पण हे नर्सही करू शकते, घरचं माणूसही करू शकतं.

नाडी वाढते याची दुसरीही कारणं असतात, ती आधी तपासाच. हिमोग्लोबिन, फेरिटिन (साठवलेलं लोह), टीएसएच (थायरॉइड), साखर. बी-१२ विसरू नका, आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते सर्रास कमी असतं, आणि थकवा, मुंग्या, विसराळूपणा सगळं त्यानंही होतं. खोकला आणि वजन घटणं असेल तर टीबी. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेची तपासणी. आयसीयूतून आलेल्यांच्या फुप्फुसांचं प्रकरण वेगळं, त्यांना फिजिओथेरपी आणि हळूहळू वाढवलेल्या व्यायामाचा फायदा होतो, हेही खरं. पण ज्यांना क्रॅश येतो त्यांना ‘रोज थोडं वाढवत न्या’ सांगणं घातक आहे. उपचारांच्या नियमावल्या ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं याच्याच जवळच्या एमई (असाच क्रॅश येणारा दीर्घ थकव्याचा आजार) आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेणारा व्यायाम ऑक्टोबर २०२१ मध्ये नियमावलीतून काढून टाकला.

मग करायचं काय? पहिलं पेसिंग, म्हणजे अंगातली ताकद बेतानं वापरणं. सकाळी उठल्याउठल्या नाडी सात दिवस मोजा, सरासरी काढा, त्यात १५ मिळवा. आजच्या ७४वरून बाईंची मर्यादा तूर्त ८९ धरली. कामात आकडा तिथे पोचला की थांबायचं, बसायचं, शक्य असेल तर आडवं व्हायचं. कणीक बसून मळायची. आंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्यानं. कडक पाण्यानं रक्तवाहिन्या फुलतात आणि रक्त पायात उतरतं. फळ्यावर हात वर धरून लिहिणं ही सगळ्यांत महाग हालचाल, म्हणून आदल्या दिवशी तक्ते करून ठेवायचे. वह्या तपासणं हेसुद्धा श्रमच आहेत: दहा वह्या, मग दहा मिनिटं डोळे मिटून, मोबाईलशिवाय. बरं वाटलं त्या दिवशी साठलेली कामं उपसायची नाहीत. बहुतेक क्रॅश चांगल्या दिवशीच पेरले जातात.

पॉट्ससाठी दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी, त्यातलं अर्धा लिटर अंथरुणातून उठण्याआधी. मीठ वाढवायचं असतं, पण आपल्या लोणचं-पापडाच्या ताटात ते मुळातच भरपूर आहे, म्हणून डॉक्टरांशी बोलून. एक लिटरच्या ओआरएसच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ असतं, त्यावरून हिशेब करा. बीपी, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर हे करूच नका. मोजे घ्यायचे तर कमरेपर्यंतचे, २०-३० एमएमएचजी दाबाचे. नुसते गुडघ्यापर्यंतचे फारसे उपयोगी नाहीत, कारण रक्त पोटातही साचतं, पोटपट्ट्यानंही फरक पडतो. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल १० ते २० मिलिग्रॅमपासून (दमा असेल तर नाही) किंवा आयव्हाब्रॅडीन (गरोदरपणात नाही) देऊ शकतात. पित्त उठणं, अंगावर गांधी, जेवल्यावर धडधड असेल तर फेक्सोफेनाडीन (अ‍ॅलर्जीची गोळी) आणि फॅमोटिडीनचा (अ‍ॅसिडिटीची) काहींना उपयोग होतो. कमी मात्रेतलं नाल्ट्रेक्सोन (मूळचं व्यसन सोडवण्याचं औषध) काही डॉक्टर देतात, अर्ध्या-एक मिलिग्रॅमपासून साडेचारपर्यंत. पुरावा अजून तोकडा आहे. दुकानात मिळते ती गोळी ५० मिलिग्रॅमची, ती तशीच गिळायची नाही. पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर हे औषध अजिबात घ्यायचं नाही.

आणि काय करू नये तेही ऐका. पॅक्सलोविड हे कोविडच्या विषाणूवरचं औषध १५ दिवस देऊन स्टॅनफर्डमध्ये १५५ जणांवर पाहिलं, फरक पडला नाही. युरोपात लोकांनी रक्त ‘धुऊन’ घ्यायला हजारो युरो घातले, पुराव्याशिवाय. आपल्याकडे स्टेम सेल आणि सलाईनमधून व्हिटॅमिन विकणारे आहेतच. हताश माणसाच्या खिशात हात घालणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. त्यातल्या त्यात आशेची गोष्ट मेटफॉर्मिनची, म्हणजे मधुमेहाच्या गोळीची. अमेरिकेतल्या चाचणीत संसर्ग झाल्यापासून पहिल्या काही दिवसांत सुरू करून १४ दिवस दिलं तेव्हा पुढे लाँग कोविडचं निदान १०.४ टक्क्यांवरून ६.३ टक्क्यांवर आलं. पण ती वजन जास्त असलेली, तिशीपुढची माणसं होती, आणि जुन्या दुखण्यावर ते चालतं असं त्यातून निघत नाही. लशीनं धोका कमी होतो, शून्य होत नाही.

चिंता, नैराश्य असतं का? असतं. तीन वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही तर कुणालाही येईल, आणि त्यावरही उपचार हवेतच.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आज दहाव्या मिनिटाला आकडा वाचून दाखवला तेव्हा बाई रडल्या. त्यांचे यजमान इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘म्हणजे खरंच आहे तर. मीच हिला चालायला नेलं होतं हो.’ त्यांना त्यापुढे बोलता आलं नाही.

नाडीच्या दहा ओळींचा तो कागद बाईंनी फाईलमध्ये सगळ्यांत वर, ‘सगळं नॉर्मल’च्या कागदावर टाचून घेतला. सोमवारपासून वर्गात खुर्ची मिळावी म्हणून मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाला त्याचीच झेरॉक्स जोडणार आहेत.