रिस्क चिप 2020 साली जन्मली नाही

सध्या ग्रुपाग्रुपांतून एक मजकूर फिरतोय: “रिस्क ही मोबाइलसाठी बनलेली चिप. ॲपलने 2020 मध्ये एम1 काढून ती पहिल्यांदा टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये आणली आणि इंटेलची सद्दी संपवली.” रिस्क म्हणजे मोजक्या, साध्या सूचनांवर चालणारी चिपची घडण, आणि एम1 ही ॲपलची तशीच चिप. एम1 उत्तम आहे, त्यावर वाद नाही. पण या मजकुरात आधीच्या चाळीसेक वर्षांतली माणसं आणि त्यांचं काम पुसलं जातंय, ते मला बघवत नाही.

“पहिल्यांदा”? खुद्द ॲपलनेच मार्च 1994 मध्ये पॉवरपीसी चिपवरचे मॅक बाजारात आणले होते, आणि पॉवरपीसी रिस्कच आहे. त्याच्याही आधी आयबीएमचा आरटी पीसी आला 1986 मध्ये, सन कंपनीचा सन-4 1987 मध्ये, दोन्ही रिस्कवरचे. सनचंच एप्रिल 1989 चं स्पार्कस्टेशन 1 तर पिझ्झाच्या खोक्यासारखं चपटं होतं. मॉनिटरखाली सरकवायचं आणि कामाला लागायचं. 20 मेगाहर्ट्‌झची चिप, सेकंदाला सुमारे सव्वा कोटी सूचना.

“मोबाइलसाठी बनलेली” हे तर साफ चूक. 1975 च्या सुमारास आयबीएममध्ये जॉन कॉक यांच्या गटाने 801 प्रकल्प हाती घेतला, तो टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून. प्रोसेसरला शेकडो किचकट सूचना शिकवल्या तरी कंपायलर (आपला प्रोग्राम चिपच्या सूचनांमध्ये उतरवणारा प्रोग्राम) वापरतो त्यातल्या मोजक्याच, हे त्यांच्या लक्षात आलं. मग सूचना साध्या ठेवा, प्रत्येक चिपच्या घड्याळाच्या एका ठोक्यात उरका, बाकीची हुशारी कंपायलरवर सोपवा. रिस्कचं मर्म एवढंच. पुढे बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन हेनेसी यांनी हाच विचार चिपवर उतरवला.

आज मोबाइलमध्ये असते ती आर्म ही रिस्क चिपसुद्धा डेस्कटॉपसाठीच घडली, केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत. सूचनासंच सोफी विल्सन यांचा, चिपची रचना स्टीव्ह फर्बर यांची. 26 एप्रिल 1985 ला पहिली चिप आली आणि चालली. ती वीज किती खाते हे बघायला फर्बर यांनी मीटर जोडला, तर आकडा शून्य! शोधल्यावर कळलं की बोर्डावरून चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर पिनांवरून येणाऱ्या सिग्नलच्या विजेवरच ती चालत होती. मला हा प्रसंग कितीही वेळा वाचला तरी थक्क करतो. वीज कमी हवी होती ती चिप स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात तापू नये म्हणून. मोबाइल कोणाच्या डोक्यातही नव्हता. 1987 मध्ये हीच जात आर्किमिडीज या घरगुती कॉम्प्युटरमध्ये गेली. आणि आपल्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने 1998 मध्ये परम 10000 हा महासंगणक उभा केला, तोही सनच्या अल्ट्रास्पार्क या रिस्क चिपवर.

राहिली इंटेलची सद्दी. 1995 च्या पेंटियम प्रोपासून इंटेल स्वतःच आपल्या किचकट सूचना आत फोडून साध्या करून चालवतं, म्हणजे रिस्कचा विचार तिथे केव्हाच पोचला होता. सन, डेक या कंपन्यांची रिस्कवरची वर्कस्टेशनं (इंजिनिअर-शास्त्रज्ञांचे ताकदवान कॉम्प्युटर) मागे पडली ती किमतीपायी: त्यांचा खप लाखांत, पीसीचा कोटींत, आणि पुढची चिप घडवायचा पैसा त्या खपातूनच येत होता.